खिळ्यावरची रोटी

प्रिय इस्कंदर,

फोनवर तू दोनदा विचारलंस, की समरकंदमधला शेवटचा दिवस कसा गेला, आणि दोन्ही वेळा "छान गेला" म्हणून मी औषधांच्या विषयाकडे वळले. छान गेला हे खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही, आणि अर्धवट सांगितलेलं मला पचत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या ऑफिसातली एक मुलगी पुढच्या आठवड्यात सोलला चालली आहे, तिच्या हाती हे पत्र देते आहे. वाचशील तेव्हा मारिया आणि छोटी जवळ असू देत.

इस्तंबूलचं विमान रात्रीचं होतं. माझं सामान सकाळीच बांधून झालं होतं, आणि मधल्या त्या रिकाम्या तासांची मला भीती वाटत होती. आधीचे दिवस बरे गेले, कारण कामं होती. दवाखाना, तपासण्या, अंगणातल्या नळाची गळती, हिवाळ्यासाठी कोळसा. हाताला काम असलं की तोंड गप्प ठेवता येतं. पण बाप आणि मुलगी समोरासमोर बसले आणि करायला काहीच नसलं, तर डॉक्टरांनी आपल्याला जे सांगितलं ते चेहऱ्यावर यायला कितीसा वेळ लागतो? मी थोरली बहीण असून तू मलाच बजावलं होतंस, "ओपा, बाबांना कळता कामा नये." सफिया आत्याही तेच म्हणाली. मीही कबूल झाले. त्यांच्या लेखी पोटात सूज आहे आणि ती थंडी सुरू होईपर्यंत उतरेल. आपण केलं ते बरोबर की सोयीचं, हा प्रश्न मी डायरीत बऱ्याचदा लिहिला.

आत्यानं आपल्या परीनं उपाय काढला. सकाळीच कढई चढवून पुलाव घातला. वार साधा, पाहुणे नाहीत आणि लग्नाला नाहीतर मयताला चढते एवढी थोरली कढई! बाबा शाल पांघरून अंगणात आले, कढईकडे बघितलं आणि म्हणाले, "काय गं सफिया, कोण गेलं?"

"थोरले भाऊ ना तुम्ही, आका, काहीतरीच काय बोलता! मुहय्यो निघालीय, म्हणून केलाय."

"मग ठीक. मला वाटलं माझाच आहे आणि मलाच बोलवायला विसरलात."

आत्या इतकी हसली की तिच्या हातातला झारा राखेत पडला. मीही हसले. खोलीत जाऊन डायरीत लिहिलं, 'बाबा आज मजेत आहेत.' थोड्या वेळानं ते खोडलं.

जेवताना त्यांनी ताटातला भात या कडेचा त्या कडेला केला. मांसाचे तुकडे एकेक करून माझ्या बाजूला सरकवले. "खा. विमानात काय देतात माहितीये मला." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जन्मात विमानात बसला नाहीत." तर म्हणाले, "बसलो नाही म्हणूनच माहितीये. भूगोलही मी आयुष्यभर असाच शिकवला." स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून तुझ्या कोरियाच्या वेळेवर आहे. दिवसातून कितीदा तरी तिकडे बघतात आणि म्हणतात, "आता सुटला असेल कामावरून," "आता छोटीला निजवत असेल." आत्याची त्यावर कायम कुरकुर. "या घड्याळापायी परवा मी दिवसाउजेडी रात्रीचं दूध तापवलं. मुलगा तिकडे, घड्याळ इकडे, आणि वेड लागायची पाळी माझी!"

दुपारी बाबांनी स्वतःच टूम काढली, की रोटी ते आणणार. माझ्या घासाची रोटी, निघताना एक घास घेऊन बाकीची खिळ्यावर टांगायची ती. मी म्हटलं आत्या आणेल, गल्लीच्या तोंडाशी तंदूर आहे. ते ऐकेनात. शेजारच्या तोहिरनं आम्हाला गाडीनं सियोब बाजाराच्या दारापर्यंत सोडलं. दारापासून रोट्यांच्या रांगेपर्यंतचं ते अंतर तुला माहीत आहे, तू धावत सुटायचास आणि आई मागून ओरडायची. या वेळी बाबा दर दुकानापाशी थांबत होते. मनुकांचा भाव विचारला, जर्दाळूंचा विचारला, अगदी पाळण्याचासुद्धा विचारला. त्यांना काही घ्यायचं नव्हतं. ते दम घेत होते. माझ्या लक्षात आलं तशी मीही भाव विचारायला लागले, म्हणजे त्यांना थांबायला सबब मिळेल. नको असलेल्या वस्तूंसाठी आम्ही दोघं सगळ्या बाजाराशी घासाघीस करत होतो, आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. पाळणेवाला शेवटी वैतागून म्हणाला, "उस्ताद, आधी बाळ कुणाला होणारेय ते तरी घरी ठरवून या!" बाबा म्हणाले, "तेच तर, घरात कुणी ऐकतच नाही." बऱ्याच दिवसांनी मी त्यांचा हात धरून चालले. हात उन्हातसुद्धा गार होता.

रोटीवाल्या बाईंनी त्यांना ओळखलं. "बारीक झालात हो उस्ताद!" "मुलगी आलीय ना, पथ्यावर ठेवलंय." किती देऊ, दोन? असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "एकच. आता आमच्याकडे ये-जा करणारं माणूस एकच उरलंय."

तो टोमणा तुला होता असं मला वाटलं आणि राग आला. वाटलं, इथेच बाबांना सांगावं की इस्कंदरचे कोरियात राहण्याचे कागद संपलेत, तिथून बाहेर पडला तर पुन्हा आत घेणार नाहीत, बायको-मुलगी तिकडे आणि तो इकडे असं होईल. पण हे सगळं त्यांना माहीत आहे. आई गेली तेव्हा तू येऊ शकला नाहीस, तेव्हाही लोकांच्या तोंडाला त्यांनीच कुलूप घातलं होतं. परतताना गाडीत मी विचार करत राहिले, की त्या बोलण्यात टोमणा नव्हता तर काय होतं. ते संध्याकाळी कळलं.

आपल्या दोघांचे दोन खिळे अजून ओट्यावरच्या भिंतीत आहेत. माझी रोटी दर वेळी आल्या दिवशी खाली उतरते, चहात बुडवून मी ती संपवते आणि निघताना नवी लागते. तुझी मात्र तू गेलास तेव्हापासून तिथेच आहे. पातळ कापडात गुंडाळलेली, लाकडासारखी झालेली, कडेला तुझ्या दातांची खूण. आई होती तोवर आई तिच्यावरची धूळ झटकायची, नंतर आत्या. आईचं ते बजावणं तुला आठवत असेल. घास घेऊन गेलेल्या माणसाला उरलेली रोटी ओढून आणते, ती त्यानंच संपवायची, दुसऱ्यानं तोंड लावलं की त्याची वाट मोडते. आपण शिकलीसवरलेली माणसं, आपला यावर विश्वास नाही. तरी मी आजवर तुझ्या रोटीला बोटसुद्धा लावलेलं नाही.

ऊन उतरलं तशी आत्यानं नवी रोटी माझ्यापुढे धरली. मी घास घेतला, तिनं ती कापडात बांधली आणि माझ्या खिळ्यावर अडकवली. चहा झाला की निघायचं होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "सफिया, इस्कंदरची काढ."

"पुसायचीय का? कालच पुसली, आका."

"खायचीय."

आत्याला वाटलं चेष्टा आहे. मलाही तसंच वाटलं. मग ते स्वतः भिंतीला हात टेकत उठले, तुझी रोटी उतरवली आणि ओट्यावर बसून खलबत्त्यातल्या बत्त्यानं फोडायला लागले. आत्या धावली. "आका, काय करताय! पोराची आहे ती!"

"पोराची आहे म्हणूनच खातोय. दुसऱ्या कुणाची असती तर हात लावला असता का?"

"अहो, पण त्याचं येणं..."

"त्याचं येणं त्याच्यापाशी. खिळ्याला टांगून ठेवायचं नाही."

त्यांनी तुकडे चहाच्या वाडग्यात टाकले आणि भिजायची वाट बघत बसले. इस्कंदर, ज्या माणसाला जेवताना भाताचे चार घास गेले नव्हते, त्यानं ती रोटी खाल्ली. हळूहळू, मधे मधे डोळे मिटून, पोटावर हात दाबत. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला थांबवता आलं असतं का? हात पुढे झाला होता, पण त्यांच्याकडे बघितलं आणि मागे घेतला. वाडगा रिकामा झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या आणि नेहमीच्या आवाजात, वर्गात मुलांना नदीचं नाव सांगावं तसं म्हणाले, "पोटाच्या सुजेसाठी कुणी इस्तंबूलहून दोनदा येत नाही, मुहय्यो. तुम्ही तिघांनी मिळून छान सांभाळलंत. मीही सांभाळलं. आता तू विमान गाठ."

त्यांनीच पुढे सांगितलं, "त्याला यातलं काही कळवायचं नाही. रोटी टांगलेली असली की माणसाला बांधल्यासारखं वाटतं. आता त्याचं इथे काही उरलेलं नाही. त्यानं मारियाला आणि छोटीला धरून राहावं." मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नुसतीच हलली, ते मी अजून ठरवू शकलेले नाही, आणि या पत्राच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे.

बाहेर तोहिरनं हॉर्न वाजवला. बाबा विमानतळावर येत नाहीत, दारातूनच निरोप देतात, तुला माहीतच आहे. आत्यानं मला पोटाशी धरलं आणि कानात म्हणाली, "लवकर ये गं." किती लवकर, ते तिनं सांगितलं नाही. मग मी बाबांच्या गळ्यात पडले. किती हलके झालेत ते, नुसता शर्ट आणि आत हाडं. आणि त्या शर्टाच्या खिशातलं काहीतरी टणक माझ्या छातीला टोचलं. मी मागे सरले तर त्यांनी पटकन खिशावर हात ठेवला, मुलं हातातली वस्तू लपवतात तसा. रुमालाचं एक टोक वर आलं होतं. त्यात गुंडाळलेला तुकडा मला दिसला. रोटी फोडताना त्यांनी बत्ता एका कडेपासून दूर ठेवला होता, हे तेव्हा मला आठवलं. तुझ्या दातांची खूण असलेली ती कड. मी काही बघितलंच नाही असं दाखवून गाडीत बसले. आपल्या घरात ही विद्या आता सगळ्यांनाच येते.

हे पत्र लिहायचा मला हक्क आहे का, यावर इस्तंबूलला परत आल्यापासून विचार करते आहे. बाबांनी तुला मोकळं केलं, आणि मी हे लिहून पुन्हा बांधते आहे की काय? डॉक्टर म्हणतात, बाबांकडे वेळ आहे तो थंडी पुरती पडेपर्यंत. तू समरकंदला आलास तर मारिया आणि छोटी किती काळ दुरावतील, तेही मला ठाऊक आहे. म्हणून ये म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणत नाही. तू ठरवशील ते मी घरी कुणापुढेही बरोबरच म्हणेन. पण तू ठरवताना तुझ्याजवळ अर्धीच गोष्ट असावी, हे मला सहन होणार नाही. तुझा खिळा रिकामा आहे, हे बाबांनी तुला सांगायचं नाही असं बजावलंय. मी त्याच्या पुढचं सांगते. बाबांनी तुझी सगळी रोटी खाल्लेली नाही.

तुझीच,
मुहय्यो ओपा