टबांच्या अलीकडे

प्रिय भिंगरी,

आधी एवढंच वाच. तुझा नवरा जिवंत आहे, हातीपायी धड आहे आणि माझ्यासमोर दवाखान्याच्या खाटेवर बसून आज दुसऱ्यांदा जेवतोय. आता श्वास सोड आणि मग पुढचं वाच. आई आहेच जवळ, तिलाही वाचून दाखव.

फोनवर मी हेच सांगत होतो, पण तुम्ही दोघी रडायला लागता आणि माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. मग तो फोनवर का येत नाही, असं तू विचारलंस. तो झोपलाय, असं मी म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तुझं काही चुकलं नाही. जुन्या खाणीत काका गेला तेव्हाही आम्ही तुला काका झोपलाय असंच सांगितलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

म्हणून सगळं सविस्तर लिहितो. कोळसा कापणाऱ्या यंत्रापाशी ठिणगी पडली आणि गॅस पेटला. तो पहिला भडका लहानच असतो गं. पण त्याच्या धक्क्याने खाली बसलेली कोळशाची धूळ उठते, तीच पेटते आणि मग आग बोगद्यातून माणसाच्या पुढे धावते. काकाला त्या धुळीनेच गाठलं, कारण तिथे तिला अडवायला काही नव्हतं. आमच्या इथे बोगद्यात चुनखडीची पांढरी भुकटी मारतात आणि छताला पाण्याने भरलेले टब ओळीने टांगतात. धक्का आगीच्या आधी येतो, टब उलटे करतो आणि मागून येणारी आग त्या पाण्यात विझते. ते टब भरलेले ठेवणं हे तुझ्या बापाचं काम. त्यावरून पोरं मला पाणक्या म्हणतात, हे तुला ठाऊकच आहे.

आणि त्या पोरांचा म्होरक्या कोण, तर तुझा तो ताडमाड नवरा, आपली शिडी! दर पाळीला टबावर डोकं आपटायचा आणि माझ्या नावाने खडे फोडायचा. मामा, निदान माझ्या वाटेवरचा एक टब तरी काढा, म्हणून हात धुऊन मागे लागला होता. जावई म्हणून घरी त्याचे हवे तेवढे लाड केले, पण खाली मी बधलो नाही. मग आठवडाभर अबोला. तू दोघांची समजूत काढून थकलीस.

त्या दिवशी तो टबांच्या अलीकडेच पाईप जोडत होता. धक्क्याने आडवा झाला. आग टबांपर्यंत आली आणि तिथेच संपली. यंत्रावरचे दोघे भाजलेत, पण वाचतील असं डॉक्टर म्हणतात. याला वर आणलं तेव्हा तो नखशिखांत भिजलेला होता आणि मला बघताच कपाळावरचं टेंगूळ दाखवायला लागला. ते टेंगूळ सकाळचंच होतं, टबाचं! मी त्याला मिठी मारून लहान पोरासारखा रडलो. सांगायला मला लाज वाटत नाही.

आता जे लपवलं ते सांगतो. धक्क्याने त्याच्या कानांचे पडदे फाटले. भरून येतील म्हणतात, पण कालपर्यंत त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तू विचारशील एक, तो बोलेल भलतंच, आणि तुला कळेल. म्हणून बाळ होईपर्यंत सांगायचं नाही, अशी शपथ त्याने मला घातली. बाळ रडेल आणि आपल्याला ऐकू येणार नाही, या धास्तीने तो रात्रभर जागा असायचा. मी शपथ पाळली आणि तू तिकडे भलतंच समजून बसलीस. पण आज सकाळी माझ्या हातून स्टीलची ताटली फरशीवर पडली आणि तो दचकला! मी मुद्दाम पुन्हा पाडली. तिसऱ्यांदा नर्स माझ्यावर ओरडली, तर तेही त्याने ऐकलं आणि हसला. तेव्हाच शपथ मोडली आणि लिहायला बसलो. आमचा ड्रायव्हर आज तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे पाठवतो. वाचून झालं की लगेच फोन कर. मी तो त्याच्या डाव्या कानाला लावून धरीन. तू फक्त मोठ्याने बोल, काकाला अंगणातून हाक मारायचीस तशी.

तुझाच,
पाणक्या बाप