ताईची सतरावी स्पर्धा आणि आमच्या घरचा वजनकाटा

तीर्थरूप मामा,

आपल्या दोन्ही पायांना दोन्ही हातांनी नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, आणि हे वाक्य मी यंदा सवयीनं नव्हे, तर सगळ्यांकडे एकदा नीट बघून लिहितो आहे. आपली नवी कवळी कशी बसली? खालची टोचत असेल तर कृपा करून कानशीनं घासू नका. (मागच्या वेळी आपण इतकी मन लावून घासलीत की मला नवीच करावी लागली.) मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, तेही कळवा.

ताईची आंतरराष्ट्रीय कराटे स्पर्धा परवा रविवारी पार पडली. 'पार पडली' हे शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं, ग्लासभर पाणी प्यायलो आणि मग पुन्हा पेन उचललं. पडता पडता पार पडली, मामा. आणि पाडणारा मी होतो.

आपण पहिल्या वर्षी आला होतात, त्यानंतर काही येणं झालं नाही, म्हणून आधी थोडं सांगतो. आपल्याला आठवतो तो शाळेचा हॉल, एकतीस स्पर्धक आणि कापूस बाहेर आलेल्या गाद्या. फलकावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द होता, कारण पुठ्ठ्याच्या कारखान्यात यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता, त्याला कराटे येत होतं, आणि ताईनं त्याला रस्त्यात गाठून नाव लिहून घेतलं होतं. त्याच्या वजनाचं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे तो एकही लढत न खेळता सुवर्णपदक घेऊन मायदेशी गेला. आम्हाला वाटलं, संपलं. पण त्यानं दुसऱ्या वर्षी आपले दोन पुतणे पाठवले, पुतण्यांनी तिसऱ्या वर्षी त्यांच्या शिक्षकांना आणलं, शिक्षकांनी शेजारच्या देशातल्या मित्राला सांगितलं, आणि एका लग्नातून चार लग्नं जुळावीत तशी ही स्पर्धा वाढत गेली. एके वर्षी चार पंच माझ्या दवाखान्यात झोपले, त्यांपैकी एक थेट दात काढायच्या खुर्चीवर. (सकाळी म्हणाला, इतकी छान झोप वर्षात लागली नव्हती. माझ्या त्या खुर्चीबद्दल असं बोलणारा तो एकटाच.) पाचव्या वर्षी पदक देताना भलत्याच देशाचं राष्ट्रगीत लागलं, तर तो बिचारा विजेता दुसऱ्याच्या गाण्याला शेवटपर्यंत ताठ उभा राहिला आणि वर टाळ्याही वाजवल्या. यंदा सतरावं वर्ष. बावीस देश, नऊशेच्या वर स्पर्धक, मोठं बंदिस्त स्टेडियम, एका वेळी चार मॅटवर लढती. आणि मुख्य म्हणजे जागतिक संघटनेच्या निरीक्षकबाई आल्या होत्या. त्यांनी मान्यता दिली असती तर स्पर्धा जगाच्या वेळापत्रकात जाणार होती. नाही म्हटलं असतं तर पुन्हा अर्ज करायला पाच वर्षं थांबा. ताई एकोणसाठीची आहे, मामा. पाच वर्षांचा हिशेब ती बोलून दाखवत नव्हती, पण मला दिसत होता.

शुक्रवारी वजनं घ्यायची होती. कराटेत वजनाप्रमाणे गट पडतात, त्यामुळे वजन चुकलं की गट चुकतो आणि पुढचं सगळंच चुकतं. दोन इलेक्ट्रॉनिक काटे आणले होते. साडेदहाला त्यांतला एक डोळे मिटून बसला. रांग गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेलेली. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी स्पर्धेचा डॉक्टर म्हणून पहिल्या वर्षापासून आहे (दातांचा असलो तरी डॉक्टरच), आणि इतक्या वर्षांत मला तिच्यापुढे शूर दिसायची संधी क्वचितच मिळाली आहे. मी म्हटलं, "दहा मिनिटांत घरचा काटा आणतो!" आणि धावलो.

आता त्या काट्याबद्दल. गेल्या वर्षी माझ्या रक्तातली साखर वाढली तेव्हा आपल्या सूनबाईंनी फर्मान काढलं की दर रविवारी न्हाणीघराबाहेर वजन करायचं, आणि त्या वही घेऊन समोर उभ्या राहणार. पहिले दोन महिने मी खरोखर कमी खाल्लं. मग मार्च आला. काट्याच्या मागे शून्य जुळवायचं एक बारीक चाक असतं. एका शनिवारी माझा अंगठा सहज त्या चाकाकडे गेला. पुढच्या महिन्यात आणखी थोडा गेला. वहीतलं माझं वजन हळूहळू, समजूतदारपणे उतरत गेलं, घरात कौतुक झालं, आणि वर्षभरात माझाच त्या आकड्यावर विश्वास बसला. शपथेवर सांगतो, शुक्रवारी तो काटा काखेत मारून पळताना हे काही माझ्या डोक्यातच नव्हतं.

त्या काट्यावर मी एकशे चौसष्ट स्पर्धकांची वजनं घेतली. माझ्या रांगेत सगळे खूश होते. इतके की शेजारच्या रांगेतले लोक इकडे येऊन उभे राहायला लागले, आणि मला वाटलं, हा माझ्या गोड बोलण्याचा परिणाम. आमच्या बेकरीवाल्याची मुलगी ताईची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी. पंचावन्न किलोखालच्या गटात बसण्यासाठी ती पाच दिवस काकडी आणि गरम पाण्यावर होती. माझ्या काट्यावर ती एक्कावन्न भरली. तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि तडक जाऊन आठ दिवसांचं जेवण एका बैठकीत जेवली.

दुपारी चारला एक परदेशी प्रशिक्षक आपल्या धिप्पाड पोराला घेऊन माझ्याकडे आला. मोडक्यातोडक्या शब्दांत आणि हातवाऱ्यांत म्हणाला, "घरी अठ्ठ्याहत्तर. इथे साडेत्र्याहत्तर. तुमची हवा फार चांगली!" कुठल्याही हवेला एका दिवसात साडेचार किलो उतरवता येत नाहीत. उतरवतं ते फक्त माझं चाक.

मी पंचांच्या खोलीत गेलो. ताई होती, आणि समोर निरीक्षकबाई चहा पीत बसल्या होत्या. ताईला कोपऱ्यात घेऊन मी सगळं सांगितलं.

"किती?" तिनं विचारलं.

"साडेचार."

"किलो?"

"हो. पण आपण काटा बिघडला म्हणून सांगू. कोणाला कळणार आहे?"

"काटा बिघडलेला नाही," ताई म्हणाली. "तू बिघडलायस."

आणि ती सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, चाकासकट, सगळं सांगून मोकळी झाली. मान्यतेचा कागद बाईंच्या हाताखाली होता, तो तिला दिसत होता. मी भिंतीला टेकलो होतो. सतरा वर्षं मी माझ्या अंगठ्यानं बुडवली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बाई बारीक अंगाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, नक्की किती फरक आहे ते नोंदवावं लागेल, कोणीतरी दोन्ही काट्यांवर उभं राहा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काटे बाहेर नोंदणीच्या टेबलाशेजारी होते, आणि नोंदणीच्या टेबलावर, मामा, आपल्या सूनबाई बसल्या होत्या. मी बूट काढले. घरचा काटा म्हणाला ऐंशी. दुसरा म्हणाला साडेचौऱ्याऐंशी, आणि तोही लाल, मोठ्या, लांबून दिसणाऱ्या आकड्यांत. सूनबाईंनी फक्त बाईंकडून पेन्सिल मागून घेतली.

शनिवारी सकाळी सहाला एकशे चौसष्ट जणांची पुन्हा वजनं झाली. (बंद पडलेल्या काट्याची फक्त वायर सैल होती. हे कळल्यावर मी जरा वेळ गाडीत जाऊन बसलो.) अडतीस जणांचे गट बदलले, ताईनं दोन पंचांना घेऊन लढतींचे तक्ते नव्यानं लावले, आणि नऊऐवजी दहाला पहिली लढत सुरू झाली. ज्यांना वरच्या गटात जावं लागलं त्यांनी कुरकुर केली, पण कारण ऐकल्यावर बहुतेक जण हसलेच. हवेवर खूश असलेला प्रशिक्षक तेवढा नाराज झाला.

बेकरीवाल्याची मुलगी वरच्या गटात गेली. मी तिची माफी मागायला गेलो तर ती पट्टा बांधत होती, म्हणाली, "नंतर बोलू, डॉक्टर." अंतिम फेरीत समोर गेल्या वर्षीची विजेती, हिच्यापेक्षा वीतभर उंच. शेवटचे दहा सेकंद राहिले तेव्हा तीन-तीन गुण होते. हिचा पाय उचलला गेला, पण तिचा हात आधी पोचला. चार-तीन, आमची हरली. ओठ फुटला म्हणून ती माझ्याच टेबलावर आली. मी मान खाली घालून कापूस लावत होतो, तर म्हणते, "पोटभर खाऊन लढलं की पाय कसले झपाझप हलतात हो! आता मी याच गटात. काकडीचं तोंडही बघणार नाही." तोवर माझ्या छातीवर जे बसलं होतं, ते तिथे उठलं.

रविवारी समारोपाला निरीक्षकबाई बोलल्या. म्हणाल्या, चुका त्यांना प्रत्येक ठिकाणी सापडतात, पण कोणी तक्रार करायच्या आधी स्वतः येऊन चूक सांगणारी आयोजक त्यांना पहिल्यांदाच भेटली. पुढच्या वर्षापासून मान्यता. ताईनं त्यांना वाकून अभिवादन केलं आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. भरल्या स्टेडियममध्ये डोळे पुसायला तिला तेवढाच आडोसा होता.

तर असं आहे. आम्ही सगळे सुटलो. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि कानस शेजाऱ्यांना देऊन टाका.

आपला भाचा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. ताई आणि सूनबाई यांनी मिळून मला ताईच्या सकाळी सहाच्या वर्गात घातलं आहे. पांढरा पट्टा, आणि जोडीला सगळी सात-आठ वर्षांची मुलं. ताई जगात फक्त आपलं ऐकते. तिला एवढंच लिहा की माझी कंबर लहानपणापासून नाजूक आहे. आपण मोठे आहात, आपल्याला खोटं बोलावं लागत असल्याचं मला वाईट वाटतं.

ता. क. २. आठवडाभर पाकीट चिकटवायचं राहिलं म्हणून बरं झालं. वरचं कंबरेचं काही लिहू नका. आज माझ्या जोडीदारणीनं (वय सात, पुढचे दोन्ही दात पडलेले) मला सांगितलं की माझी लाथ आता "जवळजवळ लाथेसारखी" दिसते. उद्या ती मला वळायला शिकवणार आहे. पट्ट्याची गाठ तेवढी अजून मला जमत नाही. ताई रोज सगळ्यांच्या आधी मला बाजूला घेते, गुडघ्यावर बसते आणि गुपचूप बांधून देते.