वेबसाइट कुणाच्या नावावर

४ जानेवारी, गुरुवार
वंदनाचा पुण्याहून फोन. तिच्या ऑफिसातल्या बायकांना सत्यशीलाच्या गोधड्या लई आवडल्या. आणखी सहा पाहिजेत म्हणे! पोरगी म्हणते, बाबा, आता आईची वेबसाइट काढू. आधी नाव ठरवा – डोमेन म्हणतात त्याला. लोक तेच टाइप करून येतात.

नाव ठरवायला काय लागतं? सत्यशीला गोधडी. झालं!

५ जानेवारी
झालं न्हाई. नाव इंग्रजीत लिहायचंय. वंदना म्हणाली, फोनवर ऐकणाऱ्याला ते बराबर लिहिता आलं पाहिजे. चार जणांना सांगून बघा.

सांगितलं, आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागवलं. धावडा गावचा माझा मेहुणा रामकिसन – 'शीला'त दोन ई. त्याच्या बायकोनं नुसता आय टाकला. शेजारच्या कल्याणनं 'सत्य'मधला वाय गाळला. माझ्या बहिणीनं तर शेवटी एच लावला! चार माणसं, चार स्पेलिंगं. बरोबर कोणतं, मलाही ठाम सांगता येईना. बायकोचं नाव!

७ जानेवारी, रविवार
वहीत नवं नाव काढलं – 'बेस्ट-जालना-हातशिलाई-गोधडी-ऑनलाइन'. वाटलं, गुगलवर लोक हेच शब्द टाकतील, आपण सगळ्यात वर दिसू. वंदना फोनवर हसूनच राह्यली. म्हणे, सर्च इंजिन नावापेक्षा आत काय लिहिलंय ते जास्त बघतं. आणि मधल्या आडव्या रेघा कुणाच्या ध्यानात राहतात?

सत्यशीला टाके घालत ऐकत होती. मान वर न करता म्हणाली, "बाजारात उभं राहून एवढं नाव सांगाल का कुणाला?"

न्हाई सांगणार.

८ जानेवारी
नाव शेवटी तिनंच दिलं. सारी गल्ली तिला माई म्हणते. माई गोधडी! परत चौघांना फोन. 'माई' सगळ्यांनी सारखंच लिहिलं. 'गोधडी'त एकानं मधला ए खाल्ला. वंदना म्हणाली, ते नावही घेऊन ठेवू, चुकलेला माणूस आपल्याच दारात येईल.

हुशार आहे पोरगी. आईवर गेलीय.

१० जानेवारी
दोन्ही नावं मोकळी होती. घेतली.

फॉर्मवर मालकाचं नाव विचारलं. माझं बोट आपोआप 'तातेराव' लिहायला लागलं. सत्यशीला बाजूलाच बसल्ती. फोनवर वंदनानं विचारलं, "बाबा, नाव कुणाचं टाकताय?"

खोडलं. सत्यशीलाचं पूर्ण नाव टाकलं.

तिनं चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. मंग म्हणाली, "म्हणजे हे माझ्या नावावर?"

"तुझ्याच."

"एकतीस वर्षं झाली लग्नाला. माझ्या नावावर आलेलं हे पहिलंच."

रागानं न्हाई बोलली. खुशीत बोलली. तेच मला लागलं.

११ जानेवारी
कापसात दिवसभर होतो. लक्ष न्हाई लागलं.

१२ जानेवारी, शुक्रवार
जीपनं घनसावंगीला तहसिलात जाऊन आलो. शेताच्या सातबाऱ्यावर माझ्यासोबत तिचं नाव लावायचा अर्ज दिला. कारकुनानं विचारलं, घरात काही वाद आहे का?

म्हणलं, न्हाई. उशीर झालाय फक्त.