चौघांची मोटर

परदेशीपुरा, इंदूर
६ ऑगस्ट

ती. इरावती आत्यास,
सा. न.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पत्र. परवापासून शलाका स्वतःच्या आईशी, माझ्याशी, बोलत नाहीये. आठवीत माझ्याच वर्गात आहे ना ती, तिथेच गडबड झाली. मी चार-चार मुलांना सेल, चुंबक, तांब्याची तार देऊन मोटर करायला लावली. आयती कृती सांगायची नाही, चौघांनी मिळून शोधायची, हा माझा नियम. शलाकाच्या गटाची मोटर फिरेना. तर या पोरीनं सामान घरी आणलं, एकटीनंच नवीन मोटर केली आणि वर्गात नेली. गर्रकन फिरली! तिच्याच गटातला विपुल म्हणाला, मॅडम, ये तो चीटिंग है. मी ती तिथल्या तिथे उलगडून परत चौघांना दिली. शलाकाचे डोळे भरले.

नियम बरोबरच होता ना गं? मग मला चैन का नाही? जेवणसुद्धा जात नाही. लगेच लिही.

माया असू दे.
तुझी अमिता


मानपूर
११ ऑगस्ट

चि. अमितास,
अनेक आशीर्वाद.

आधी जेव. तू उपाशी राहून कोणाची मोटर फिरणार नाही. मुलांनी स्वतःच्या हातानं करावं, असं तू लग्नकार्यातसुद्धा सगळ्यांना ऐकवतेस. मग ती तार कुणाच्या हातानं सोडवलीस? काय करायचं ते त्या चौघांना ठरवू द्यायचं होतंस. दुसऱ्याची पोर असती तर थांबली असतीस. शलाकाला जवळ घे, पण समजावत बसू नकोस.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी आत्या


इंदूर
१८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

रागावले होतेच. पण आज वर्गात शलाकाला सॉरी म्हटलं आणि चौघांना विचारलं, आता कसं करायचं. विपुल तिला म्हणाला, तू बता मत, बस देख. ही ओठ आवळून बसली. त्याचं वेटोळं नुसतं थरथरायचं आणि थांबायचं. माझे हात इतके शिवशिवत होते की ओढणीत गुंडाळून ठेवले. मधल्या सुट्टीची बेल झाली, कोणी हललं नाही. शेवटी विपुलनेच तिला विचारलं, गलती कहाँ है. तारेच्या टोकावरचं वीज अडवणारं पॉलिश कुठपर्यंत खरवडायचं ते तिनं बोटानं दाखवलं, खरवडलं त्यानं. मोटर फिरली तेव्हा चौघं असे ओरडले की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

घरी येताना शलाका स्कूटीवर मागे बसली होती. राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मागून म्हणाली, विपुल तार माझ्यापेक्षा छान गुंडाळतो.

समजावत बसू नकोस म्हणाली होतीस ना, मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

तब्येत सांभाळ, आम्हा दोघींवर लोभ ठेव.
तुझी अमिता