तळमजल्याचा आठवडा

११ ऑक्टोबर १९८६, शनिवार

अखेर घर मिळालं. किल्ल्याखालच्या चढावर, पहिला मजला, दोन खोल्या आणि उजेडाचं स्वयंपाकघर. टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून शेवटचा चढ माझ्या लेकीची, लेनेची, गादी डोक्यावर घेऊनच चढलो. वरच्या खिडकीतून एक म्हातारा ओरडला, की अहो, दम लागला असेल तर तिच्यावर इथेच आडवे व्हा, रस्ता आमच्याकडे ताटासारखा स्वच्छ असतो. हा क्नाप, ट्रामचा निवृत्त कंडक्टर. पोटमाळ्यावर राहतो. हसून हसून माझ्या हातून गादी निसटली.

इथली लाकडी चौकटींची घरं एकमेकांकडे इतकी झुकली आहेत की समोरच्या खिडकीतून मीठ मागून घ्यावं. ऊन दुपारीच किल्ल्यामागे जातं. मला त्याचं काय! कामावर जायला पायऱ्या चढल्या की झालं. किल्ल्यातल्या संग्रहालयात जुन्या कपाटांची डागडुजी माझ्याकडे आली आहे.

आतली खोली लेनेची. पिवळा रंग देणार आहे. कोर्टाने सांगितलंय, बालकल्याण कार्यालयाला घर पसंत पडलं तर लेने माझ्याकडे राहील. नाही पडलं तर तिची आई गुडरून तिला घेऊन हांबुर्गला जाईल, आणि सात वर्षांची माझी पोर मला फक्त सुट्टीत दिसेल. घटस्फोटात बाकी सगळं मी मुकाट्याने देऊन टाकलं. ही एक गोष्ट सोडणार नाही.

१४ ऑक्टोबर

दुसऱ्या मजल्यावरच्या आइझेलेबाईंनी मसूर आणि श्पेत्झ्ले, म्हणजे इथल्या घरगुती जाड शेवया, आणून दिले आणि मी खात असताना माझ्या खिडकीच्या काचा तपासल्या. त्यांचे पूर्वज किल्ल्यावरच्या तबेल्यात होते, क्नापचे धोबीखान्यात. या वस्तीत सगळे असेच, वरच्यांच्या नोकरांचे वंशज. किल्ल्याला कुणी किल्ला म्हणत नाही, नुसतं ‘वर’ म्हणतात. आणि वरून खाली सांडपाण्याशिवाय कधी काही आलं नाही, हेही लगेच ऐकवतात.

मग घराचे नियम. जिना, ओसरी आणि दारासमोरचा रस्ता झाडायचा एकेकाचा आठवडा असतो. ज्याचा असेल त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. शनिवारी काम उरकलं की पाटी पुढच्या दारावर. आधी क्नाप, मग आइझेलेबाई, मग मी, मग तळमजला.

तळमजल्याच्या झडपा बंद असतात आणि घंटीवर नाव नाही. तिथे कोण राहतं, असं विचारलं. क्नाप जिन्यातून म्हणाला, आमची सगळ्यात टापटीप भाडेकरू. दार आपटत नाही, साखर मागायला येत नाही, कोबीसुद्धा शिजवत नाही. आइझेलेबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वर निघून गेला. मला त्या एवढंच म्हणाल्या, की पाटी खाली लावायची आणि वर यायचं, तिथे रेंगाळायचं नाही.

नवख्याची थट्टा चालली असावी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पाटी माझ्या दारावर आली. झाडलं, पुसलं. आइझेलेबाईंनी कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, पुरुषाच्या मानाने बरं आहे. क्नापने वरून विचारलं, मग माझं कसं असतं? त्या म्हणाल्या, तुमचं पुरुषाच्या मानानेसुद्धा नसतं.

मला ही माणसं आवडू लागली आहेत.

२५ ऑक्टोबर, शनिवार

माझा आठवडा संपला. पाटी खाली लावायला गेलो आणि लावली नाही. मंगळवारी कार्यालयाची बाई घर बघायला येणार. रिकाम्या घराच्या दारावर पाटी टांगली तर झाडणार कोण? आठवडाभराचा पालापाचोळा आणि चिखल तिच्या बुटांना लागेल, आणि त्यावरून ती माझा हिशोब करेल. म्हणून तळमजल्याचा आठवडाही मीच करणार. पाटी माझ्याकडेच ठेवली. यात कुणाचं काय जातं? उलट शेजारी खूश होतील.

२८ ऑक्टोबर

पसंत! बाईने जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला, तळवा पाहिला आणि म्हणाली, घर असं ठेवणारा बाप मुलीलाही नीट ठेवेल. लेने सात तारखेला येते. गुडरूनला फोनवर सांगितलं. रडत असावी.

१ नोव्हेंबर, शनिवार

पाटी क्नापच्या दारावर लावत होतो तेवढ्यात त्याने दार उघडलं. म्हणाला, तुम्ही कसे? ही तर खालून येते. मी सांगितलं, की खालचा आठवडा मीच केला, दोनदा झाडलं, मुलीसाठी. मला वाटलं टोमणा मारेल. त्याने पाटीला हात लावला नाही. नुसतं आइझेलेबाईंना हाक मारली आणि पायरीवर बसला.

त्या आल्या, ऐकलं, आणि मला स्वयंपाकघरात नेऊन सांगू लागल्या. महामारीच्या साली वरच्यांनी किल्ल्याचा दरवाजा आतून लावून घेतला आणि नोकरांची ही वस्ती बाहेर राहिली. मेलेल्यांची घरं झाडून काढायचं काम तळमजल्यावरच्या आपोलोनियावर टाकलं. तेव्हा पाटी नव्हती. एकच झाडू दारोदार फिरायचा, आणि ज्याच्या दारी झाडू येईल तोच या घरचा. एक दिवस ती कामावरून परतली तर घरातल्या बाकीच्या भाडेकऱ्यांनी थोरलं दार उघडलं नाही. आतून सांगितलं, तुझा आठवडा आता आम्हीच करू, तू ये-जा करू नकोस. तिची मुलगी आत होती. भीतीपोटी त्या खोलीत कुणी गेलं नाही. पोर आत मेली, आई दाराबाहेर.

तेव्हापासून तिचा आठवडा तिला देतात. ती करते. जिना स्वच्छ असतो. पाटी शनिवारी क्नापच्या दारावर असते. बाई हे अशा सुरात सांगत होत्या, जसं काही दूधवाला कधी येतो ते सांगावं.

मी हसलो. म्हणालो, मी तर मदतच केली. त्या म्हणाल्या, हो, तिला बाहेर ठेवणाऱ्यांनीही नंतर अगदी हेच शब्द वापरले होते.

७ नोव्हेंबर

लेने आली! पिवळी खोली पाहून गादीवर इतक्या उड्या मारल्या की वरून क्नापने जिन्याच्या कठड्यावर काठी आपटली. एरवी तो एखादा विनोद ओरडला असता. झोपताना विचारत होती, पापा, आता मला परत नाही ना पाठवणार? नाही म्हणालो. शपथ घ्यायला लावली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी जिन्यावर झाडूचा आवाज. पाटी आज आइझेलेबाईंकडे गेली, पण त्या बाजारात गेल्या होत्या आणि क्नाप खिडकीत होता. दार उघडलं. कुणी नाही. झाडू थांबला. दार लावलं तर पुन्हा सुरू — या वेळी दाराच्या आत. उंबरठ्यापासून स्वयंपाकघराकडे, सावकाश, कोपरे न चुकवता.

लेने टेबलाशी दूध पीत होती. तिने मध्येच दोन्ही पाय उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. काय झालं म्हणून विचारलं. म्हणाली, ती बाई म्हणते पाय वर घे.

उंबरठ्याजवळ केराचा छोटा ढीग होता. लेनेचे केस, तिच्या पेन्सिलीचे तासलेले तुकडे, तिच्या नखांची कात्रणं. माझं काहीच नाही.

१० नोव्हेंबर

आंघोळीनंतर ती ओल्या पायांनी फरशीवरून धावली. फरशी कोरडी.

मग मी तिला पिठात हात दाबायला लावला, खेळ म्हणून. पीठ सपाट. ती हसत होती, पुन्हा दाबायला सांगणं हाही खेळच वाटला तिला. ब्रेडवर दात उमटतात, पण बसून उठली की गादीवर खळगा नसतो. सकाळी पुन्हा झाडू. आता तिच्या खोलीच्या दाराशी.

११ नोव्हेंबर

काल रात्री तिला घेऊन स्टेशनजवळच्या लॉजवर गेलो. न्याहारीच्या वेळी तिथल्या बोळातही झाडू. मालकीण म्हणाली, आमची झाडणारी आज आलीच नाही.

परत आलो. निदान इथे निस्तरता येईल.

१२ नोव्हेंबर

आइझेलेबाईंच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. पाटी आत्ता मला द्या, मी खाली लावतो, तिचा आठवडा तिला देतो. त्या रडल्या, पण पाटी दिली नाही. म्हणाल्या, माझा आठवडा शनिवारपर्यंत आहे. अर्ध्यावर सोडला तर मीही क्रम मोडला असं होईल. माझीही नातवंडं आहेत हो.

क्नापकडे गेलो. त्याने दार न उघडता सांगितलं, की बाबा रे, मुलीला तिच्या आईकडे पाठव.

तो म्हणतो ते कळतं. पण एकदा पाठवली की लेने गेली. कोर्ट दुसऱ्यांदा देणार नाही. शनिवारी पाटी माझ्याकडे येते. मध्ये दोनच दिवस. तेवढं —

१३ नोव्हेंबर

आज शाळेतून एकटीच चालत आली. म्हणाली, बाईंनी हजेरीत माझं नाव घेतलंच नाही. हात वर केला होता, पापा, खूप वेळ.

मी गुडरूनला फोन लावला आणि ठेवून दिला.

१४ नोव्हेंबर

झाडू पलंगाखाली. लेने झोपेत होती. पाय — तिचे पाय पलंगावरून खाली लोंबत होते. मी धावलो, उचलले. उशीर झाला. झाडू त्यांच्यावरून गेला होता. पाय हातात होते आणि त्यांना वजन नव्हतं.

गुडरूनला फोन केला. सगळं कबूल केलं. मी सांभाळू शकत नाही, ये, आजच ये, घेऊन जा, कायमची. कागदावर सही करतो. ती घाबरली. म्हणाली, दारू प्यायलास का, लेनेला दे फोन. लेनेने फोन घेतला. मम्मा, मम्मा, म्हणत राहिली. पलीकडून गुडरून — हॅलो, हॅलो — लाइन खराब आहे म्हणाली. सकाळच्या गाडीने येते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाटी दारावर आली. आइझेलेबाईंची पावलं पळत वर गेली. मी तसाच खाली गेलो, तिच्या दारावर पाटी लावली. माझा आठवडा मी सोडला, पुढे माझं काय व्हायचं ते होवो. दाराला कपाळ टेकून म्हणालो, आपोलोनियाबाई, चुकलं. तुमचा आठवडा तुमचा. तुम्ही या घरच्या.

पाटी आत ओढली गेली. वर झाडू थांबला.

थांबला आहे. तासाभरापासून शांत. पण झाडलेलं परत —

गुडरून आली. लेने धावत जाऊन तिच्या कोटाला बिलगली, चेहरा कोटात खुपसला. कोटाला सुरकुतीही पडली नाही. गुडरूनने खोलीत पाहिलं, कपाटात, पलंगाखाली. मग माझी कॉलर धरून विचारलं, लेने कुठे आहे? काय केलंस तिचं? लेने दोघांच्या मधे उभी होती.

गुडरून पोलिसांना आणायला गेली. लेने तिच्यामागे दारापर्यंत गेली, परत आली.

आता टेबलाशी बसली आहे, माझ्यासमोर. काहीतरी सांगते आहे. ओठ हलतात. म्हणालो, बाळा, मोठ्याने बोल. ती मोठ्याने बोलते आहे, गळ्याच्या शिरा ताणल्या आहेत. मला ऐकू येत नाही. खुर्ची दिसते. खुर्चीची पाठ दिसते, तिच्यातून — लेने, हलू नकोस, मी बघतोय, मी तुझ्याकडेच बघतोय, पापणी मिटणार नाही, डोळे जळतात पण मी