टाकळी घाटावरच्या डोंग्याची किल्ली

मी, कडूबा सुपडा बावणे, वय अदमासे साठ, धंदा डोंगा चालवणे, राहणार मौजे टाकळी घाट, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, आज राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझे पाय सुजले आहेत, चार पावले टाकली की धाप लागते, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. मी रागात आहे हे खरे आहे. परंतु रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र करू नये असा कायदा नाही, हे मी आधीच विचारून घेतले आहे.

मी सांगतो तसे आमच्या शाळेचे उद्धव मास्तर लिहीत आहेत. त्यांनी वर "धंदा, पूर्वी डोंगा चालवणे" असे लिहिले होते. त्यातले "पूर्वी" मी खोडायला लावले. मास्तरांना काही मजकूर कडक वाटेल तिथे त्यांनी हात आखडू नये.

कलम १. राहते घर, दोन खण आणि पडवी, माझी एकुलती मुलगी रुख्मिणी, हल्ली राहणार मोताळा, हिला द्यावे. तिच्या आईच्या पाटल्या व तांब्याचा हंडा ही तिचीच आहेत, ती मी देतो असे म्हणण्याचाही मला हक्क नाही. जावयाने घर विकायची घाई करू नये. पडवीचा डावीकडचा खांब वाळवीने खाल्ला आहे, तो आधी बदलावा.

कलम २. वाकस, करवत, पटाशी, डांबराची कढई आणि फटी बुजवायची सगळी हत्यारे माझा धाकटा भाऊ उकंडा सुपडा बावणे याला द्यावी. करवत मागितल्याशिवाय कोणाला देऊ नये, आणि मागितली तरी शेजारच्या झुंबरबाईच्या पोराला तर मुळीच देऊ नये. त्याने मागच्या खेपेला तिने खिळा कापला.

कलम ३. आता घाटाबद्दल. हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

पावसाळ्यात आमच्या गावामागची काळी माती गाडीचे चाक आखापर्यंत गिळते. त्या चार महिन्यांत आम्हाला दवाखाना, बाजार, कचेरी सगळे पूर्णा नदीच्या पलीकडे, जळगाव जामोदच्या अंगाला. माझ्या आजापासून आमचे घर लोकांना डोंग्यातून नदीपार उतरवत आले. उतारूकडून रोख कधी घेतले नाही. पीक निघाले की घरटी पायलीभर ज्वारी, आणि वर्षभर कोणीही हाक मारावी, डोंगा निघणार. मग सरकारने घाटाचा हर्रास सुरू केला, म्हणजे चारचौघांत बोली लावायची आणि सगळ्यात वर जाईल त्याला ठेका. ज्या कचेरीत तो होई तिचे नाव मी मुद्दाम घालत नाही, माझ्या मृत्युपत्रात तिला जागा नको.

सन १९६४ च्या हर्रासाआधी गाव काठावरच्या मरीआईच्या ओट्यावर जमले आणि प्रत्येक घरच्या कर्त्याने बेलभंडारा उचलून शपथ घेतली की कडूबाच्या बोलीवर बोली लावायची नाही. मी कोणाला सांगितले नव्हते. लोकांनी आपल्या मनाने केले, आणि मला तेव्हा भरून आले होते. ठेका मला मिळाला. उत्तमराव ठेकेदार, ज्याचे आणखी दोन घाट आहेत, त्या दिवशी उशिरा पोचला आणि कोर्टात गेला.

कोर्टात उकंडाची साक्ष झाली. आमचे वकील नीळकंठराव यांनी त्याला पढवले होते की, बाकी कोणाला ठेका परवडत नव्हता एवढेच सांग. समोरच्या वकिलाने विचारले, दुसरे कोणी बोलले का नाही? उकंडा छाती काढून म्हणाला, "काऊन बोलन साहेब कोनी? साऱ्या गावानं बेलभंडारा उचलला व्हता, का कडूबादादाच्या वरतं जाचं नाही!" त्याला वाटले, याहून मोठा पुरावा तो कोणता. कोर्टाच्या साहेबांनी लिहिले की बोली लावणाऱ्यांनी आपसात संगनमत केले, सबब हर्रास रद्द. दुसरा हर्रास झाला आणि उत्तमराव तीन वर्षांसाठी घाट घेऊन गेला.

बाहेर येऊन मी उकंडाला भर रस्त्यात शिव्या दिल्या. तो म्हणाला, "दादा, तिथं बी शपथच देली ना मले. एक शपथ खरी अन् एक खोटी, असं कसं करू?" त्या दिवसापासून मी त्याच्याशी धड बोललो नाही.

ज्या गावाने बेलभंडारा उचलला त्याने पुढच्याच बाजाराला उत्तमरावाच्या डोंग्यात पाय ठेवला. मी कोणाचे नाव घेत नाही. हे वाचले जाईल तेव्हा ज्याची मान खाली जाईल तोच तो समजावा.

कलम ४. मी अपील केले. उत्तमरावाने माझ्यावर मनाई हुकूम आणला की, सदर कडूबा अथवा त्याच्या वतीने कोणीही घाटाच्या वर-खाली दोन मैलांत उतारू नेऊ नयेत. नीळकंठराव म्हणाले, हुकूम काटेकोर पाळा, एकदा जरी मोडला तरी अपील बुडाले समजा, आणि प्रत्येक गोष्टीची पावती घेत चला. मी डोंग्याला साखळी घातली, जांभळीच्या खोडाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेच्या करगोट्यात ओवली. ती अजून तिथेच आहे.

उत्तमरावाच्या ठेक्याची मुदत येत्या मार्चअखेर संपते. अपिलाची पुढची तारीख एप्रिलात आहे. नीळकंठरावांना अजून आशा वाटते. त्यांना वाटू द्यावी, पण अपिलात माझ्या जागी माझ्या कोणाही वारसाचे नाव चढवू नये. हे अपील मी कोणाला देत नाही. ते माझ्याबरोबर जाईल. कागदांचे गाठोडे वकिलांना परत करावे, आतला एक कागद सोडून. त्याबद्दल पुढे.

कलम ५. हे कलम रुख्मिणीसाठी आहे, आणि उकंडासाठी, आणि गावासाठी. मास्तर म्हणाले, "कडूबाकाका, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, मग बसवा.

माझी बायको सोजराबाई ही पोळ्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी, बांधावर गवत कापताना साप चावून मेली. सापाने मेली असे गाव म्हणते. उकंडाच्या साक्षीने मेली असे मी म्हणालो. तेराव्याला, पंगतीसमोर, मोठ्याने म्हणालो की याने तोंड उघडले नसते तर घाट आपला राहिला असता आणि ती वाचली असती. उकंडा पानावरून उठून गेला. गावाने माझे खरे मानले. दोन वर्षे झाली, त्याच्या दारात कोणी चिलीम ओढायला बसत नाही.

जे झाले ते असे. मी तिला पाठीवर घेऊन काठावर आलो. पाय काळानिळा पडत होता. सरकारी दवाखाना पलीकडे. उत्तमरावाचा डोंगा पलीकडच्या काठाला बांधलेला आणि त्याचा माणूस बाजाराला गेलेला. मी हाका मारल्या. उकंडा कुऱ्हाड घेऊन धावत आला. म्हणाला, "दादा, किल्ली दे. नाही तं सरक, मी साखळी तोडतो."

मी त्याच्या आडवा झालो. मी म्हणालो, हुकूम आहे. उद्या तारीख आहे. उत्तमरावाचा माणूस येईलच इतक्यात.

उकंडाने माझे पाय धरले. मी त्याला लाथेने लोटले. सोजरा जांभळीखाली पडली होती, तिचा हात डोंग्याच्या काठाला लागत होता. ती म्हणाली, "डोंगा इथंच तं हाये. मंग आपन कोनाची वाट पाहून राह्यलो?"

मी तिला उत्तर दिले नाही. मी पलीकडे पाहून हाका मारत राहिलो. उन्हे कलली तेव्हा तो माणूस आला. मधल्या धारेत ती गेली. माझ्या हाताला कळले, पण मी कोणाला सांगितले नाही, पलीकडे पोचेपर्यंत तिचे डोके धरून बसलो.

तर माझ्या बायकोला उकंडाच्या साक्षीने मारले नाही. तो दोन्ही वेळा खरा होता, कोर्टात आणि काठावर. मी कागदाला भ्यालो. सगळी हयात पुराला भ्यालो नाही आणि एका कागदाला भ्यालो. मला उत्तमरावाचा राग येतो, वकिलाचा येतो, त्या साहेबांचा येतो ज्यांनी पूर्णा कधी पायाने ओलांडली नसेल. पण सकाळी उठल्याबरोबर पहिला राग मला माझाच येतो. मास्तर, हे वाक्य खोडू नका.

कलम ६. गाठोड्यातला तो एक कागद म्हणजे उत्तमरावाच्या माणसाने त्या दिवशी फाडलेली पावती. पलीकडे उतरल्यावर त्याने उताराई मागितली. मी दिली, आणि सवयीने पावती मागून घेतली. तिच्यावर लिहिले आहे, "उतारू तीन." मी, उकंडा आणि सोजरा. मेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याचा मणी घालतात. माझ्या तोंडात मणी घालू नये, ही पावती घालावी.

कलम ७. उत्तमराव माझ्या मयतीला आला तर त्याला ओसरीवर बसवावे, पाणी द्यावे, आणि हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवावे. मधे उठू देऊ नये.

कलम ८. माझा डोंगा, सातपुड्याच्या सागवानाचा, बारा हात लांब, साखळी व कुलुपासकट, उकंडा सुपडा बावणे याला कायमचा द्यावा. माझा देह त्याच डोंग्यात घालून, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत पलीकडे न्यावा आणि पलीकडच्या वाळूत जाळावा. वल्हे उकंडाने मारावे. मी तेव्हा हुकूम मोडेन. दंड झाला तर तेराव्यासाठी साठवलेल्या पैशातून भरावा, आणि तेरावे घालू नये. किल्ली माझ्या करगोट्याला सापडेल. ती उकंडाने स्वतःच्या हाताने काढून घ्यावी. त्याने ती एकदा मागितली होती, दुसऱ्यांदा मागायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी ऐकला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. माझ्या पाठीमागे याप्रमाणे वागावे. न वागणाऱ्याला मी काही करू शकणार नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे.

कडूबा सुपडा बावणे, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार:
१. उद्धव नारायणराव मास्तर, प्राथमिक शाळा, टाकळी घाट
२. झुंबरबाई, शेजारीण, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

ठिकाण: मौजे टाकळी घाट
सोमवार, तारीख २१ नोव्हेंबर १९६६

पुरवणी. वरील सह्या झाल्यावर त्याच दिवशी लिहिले.

अंगठ्याची शाई पदराला पुसत झुंबरबाई म्हणाली, "म्हंजे किल्ली मेल्यावरच देशीन का? आता बी वाटच पाहून राह्यला, कडूबाभाऊ?"

मी तिच्यावर ओरडलो. मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. मग मी झुंबरबाईला म्हटले, जा, उकंडाला बोलाव.

तो आला, दाराशी उभा राहिला. मास्तरांनी त्याला कलम पाच वाचून दाखवले. मी करगोटा पुढे केला. गाठ सुटेना, कारण पोट सुजून ती कातड्यात रुतली आहे, म्हणून त्याने दाताने तोडली. मला खाटेसकट उचलून चौघांनी काठावर आणले. कुलूप गंजले होते, किल्ली फिरलीच नाही. दोन वर्षे मी जी कमरेला बांधून फिरलो ती कशाच्याही कामाची नव्हती. उकंडा घरी जाऊन तीच कुऱ्हाड घेऊन आला. तीन घावांत साखळी तुटली. मला डोंग्यात ठेवले, मास्तर आणि झुंबरबाई चढले, आणि उकंडाने वल्हे उचलले.

सबब कलम ८ मधला किल्लीचा व देहाचा मजकूर रद्द समजावा. डोंगा मी जिवंतपणी दिला आहे आणि हुकूम मी जिवंतपणी मोडला आहे. फळ्या वाळून फटी पडल्या आहेत, पाणी येते, झुंबरबाई तांब्याने उपसते आहे आणि मला शिव्या देते आहे. उत्तमरावाचा माणूस पाहत होता. त्याने नावे लिहून घ्यावी म्हणून मी माझे नाव त्याला ओरडून सांगितले, बापाच्या नावासकट.

मधल्या धारेत उकंडाने वल्हे थांबवले. मी सोजराला तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ते इथे लिहायचे नाही. बाकी कलमे कायम.

कडूबा सुपडा बावणे, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार: वरीलप्रमाणे, दोघेही भिजलेले

ठिकाण: पूर्णेचा पलीकडचा काठ
तारीख: तीच