सोमवारात राहिलेले पेशंट

तीर्थरूप काका,

तुमच्या पाया पडतो. पाय मागे घेऊ नका, एवढ्या लांबून माझा हात काही दुखऱ्या गुडघ्याला लागत नाही. गुडघा कसा आहे? काकूंचा राग कसा आहे? (दोन्ही थंडीत वाढतात, म्हणून एकदमच विचारलं.) बाबांचं तुम्ही फोनवर सांगितलंच आहे, तब्येत झकास, आत्ताच झोपलेत. मागल्या खेपेलाही झोपले होते, त्याच्या आधीच्या खेपेलाही. इतकी गाढ झोप आपल्या घरात आजवर कुणाला लागली नव्हती. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, ते राहिलं, म्हणून लिहितो. उठले की वाचून दाखवा.

माझी नोकरी अजून आहे, ती कशी राहिली ते ऐका. मी इथे हॉस्पिटलच्या तळघरात यंत्रांच्या खोलीतला हरकाम्या. एसीचं पाणी काढ, खोकी उचल, कुणी वायर दिली की ती धरून उभा राहा. खोलीत कपाटाएवढी पाच यंत्रं आहेत. कोण कुठल्या खाटेवर, कोण घरी गेला, कोण वर गेला, सगळं त्यांच्या पोटात. पण एकाच्याच पोटात सगळं नाही. थोडं याच्यात, थोडं त्याच्यात, आणि प्रत्येक गोष्ट तिघांना तरी ठाऊक. म्हणजे आपल्या घरासारखंच. धाकट्या आत्याचं लग्न मोडलं तेव्हा नाही का, तुम्ही पाचही भाऊ एका खोलीत बसल्याशिवाय गोष्ट पुरी होईना. (बसल्यावर भांडणं झाली, ते पुढे येतंच.)

या खोलीचे धनी हिरवेसाहेब. त्यांचं खरं नाव दुसरंच आहे. त्यांनी बॅकअपचं महागडं सॉफ्टवेअर आणलं. म्हणजे यंत्रांत जे आहे त्याची नक्कल काढून दुसरीकडे जपून ठेवायची. पाचांची एकदम काढली तर वरचं काम मंदावतं आणि डॉक्टर ओरडतात, म्हणून साहेबांनी प्रत्येकाला एकेक वार वाटून दिला. पहिल्याची नक्कल सोमवारी, दुसऱ्याची मंगळवारी, असं शुक्रवारपर्यंत. रोज स्क्रीनवर हिरवी खूण यायची आणि साहेब ती कौतुकाने मला दाखवायचे. (दुसरं कुणी बघायला थांबत नसे.) ती नक्कल परत भरून बघितली का, असं कुणी कधी विचारलं नाही. खूण हिरवी आहे ना, मग झालं.

मग वरच्या मजल्यावरच्या एका बाबूने नको ते बटण दाबलं आणि पेशंटांची यादी पुसली गेली. एका यंत्राने पुसली, तर बाकीची इतकी आज्ञाधारक की त्यांनीही पुसली. साहेब म्हणाले, घाबरता काय, नक्कल आहे. भरली. पाचही खुणा हिरव्या. आणि मग यंत्रांची भांडणं लागली, कारण एक सोमवारात उभं होतं आणि एक शुक्रवारात. अशा वेळी ती मतं मोजतात म्हणे. एक माणूस गुरुवारी गेलेला; दोन यंत्रं म्हणाली जिवंत, एक म्हणालं मेला. बहुमताने जिवंत. लगेच त्याच्या घरी निरोप गेला, उद्या तपासणीला उपाशीपोटी या.

असे बरेच निघाले. माझी जीभ मऊ म्हणून मला फोनवर बसवलं. खाट रिकामी आहे, यादीत नाव आहे, तर आपलं माणूस कुठे आहे, एवढंच विचारायचं. एक ट्रकवाला म्हणाला, "इथेच आहे, तुमच्याच नावाने खडे फोडतोय, घ्या, बोला," आणि त्याच्या बापाने मला अशा शिव्या दिल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका, कुणी जिवंत आहे हे ऐकण्याइतकं गोड काही नाही. जिवंत माणसाच्या हातात फोन लगेच देतात, हे मी त्या दिवसांत शिकलो.

एक आजी म्हणाल्या, "झोपलेत ते." मी लिहून घेतलं: घरी, झोपलेले. वरच्या नर्सने ते वाचून कागद मला परत दिला. गुरुवारी तिनेच त्यांच्या तोंडावर चादर ओढली होती. मी परत फोन करून माफी मागितली. आजी म्हणाल्या, "तुमच्या यादीत आहेत ना अजून? मग राहू दे की चार दिवस. तुमचं काय जातंय?"

हिरवेसाहेबांना घरी पाठवलं. मला ठेवलंय, कारण अजून फोन बाकी आहेत.

काकूंना नमस्कार. राग उतरला असेल तरच सांगा.

तुमचा,
उचापती पुतण्या

ता.क. नव्या साहेबांचा नियम असा, की नक्कल परत भरून, उघडून, डोळ्यांनी वाचल्याशिवाय हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही.

ता.क. २. रविवारी फोन करीन. बाबांच्या हातात द्या. बोलायला नको, खोकले तरी मला ओळखू येईल. शिव्या दिल्या तर उत्तमच. फक्त झोपलेत म्हणू नका. म्हणालात, तर मी गाडीत बसलो असं समजा.

ता.क. ३. वर लिहिलंय ना, उठले की वाचून दाखवा, ते खोडणार होतो. राहू दे.